धावून काढलेल्या धावा



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी होतं ते सर शाळेत गणित शिकवायचे. रविवारी मैदानाच्या कडेला लाकडी टेबल टाकून ते सामन्याचा हिशेब लिहीत बसायचे. गुणलेखन मी त्यांच्याच शेजारी बसून शिकलो. टोक केलेल्या दोन पेन्सिली, एक खोडरबर आणि एक लाल शाईचं पेन एवढं त्यांचं सामान. लाल पेन कशाला, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. चौकार-षटकार ते साध्या पेन्सिलीनंच लिहायचे. पण फलंदाजांनी तीन धावा पळून काढल्या की त्या तिनाच्या आकड्याभोवती लाल वर्तुळ यायचं. एकदा धीर करून कारण विचारलं. ते म्हणाले, “चौकार बॅटीनं जातो रे. तीन धावांना चार पाय लागतात.”

त्या लाल वर्तुळाचाच धागा धरून मी आज बोलणार आहे. सुरुवात अमेरिकेतल्या बेसबॉलपासून करतो, कारण त्या खेळात पळून काढलेल्या तिनाला स्वतःचं नाव आहे, स्वतःचा रकाना आहे, आणि दर हंगामाला त्यात कोण अव्वल ठरला याची दीडशे वर्षांची यादी आहे. आपल्याकडे तो रकाना नाही. तो असता तर पुण्याच्या क्रिकेटबद्दल आपल्याला किती निराळं दिसलं असतं, हे मला आज मांडायचं आहे.

सॉफ्टबॉल आणि बेसबॉल आपल्या शाळा-कॉलेजांत खेळले जातात, त्यामुळे तरुण मंडळींना हे ठाऊक असेल. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. बेसबॉलच्या मैदानाच्या पोटात एक चौकोन असतो, एका टोकावर उभा केल्यासारखा. चार कोपरे, प्रत्येक बाजू नव्वद फूट. फलंदाज एका कोपऱ्यावर उभा राहतो आणि चेंडू मारून बॅट टाकून पळत सुटतो. आपल्याच फटक्यावर पहिल्या बेसपर्यंत पोचला तर सिंगल, दुसऱ्यापर्यंत डबल आणि तिसऱ्यापर्यंत ट्रिपल. चेंडू कुंपणापलीकडे गेला तर होम रन. मग घाई नसते, चारही कोपऱ्यांना पाय लावत रमतगमत परत यायचं. ट्रिपलमध्ये मात्र चेंडू बहुतेक वेळा मैदानातच असतो, एखादा क्षेत्ररक्षक त्याच्यामागे धावत असतो, आणि इकडे फलंदाज दोन वळणं घेऊन २७० फूट पळत असतो. तिसऱ्या बेसशी तो मातीत अंग झोकून देतो, तेव्हा चेंडू आणि पाय यांत कधी कधी वीतभराचंही अंतर नसतं.

२७० फूट म्हणजे नव्वद यार्ड. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये आज सीमारेषा खेळपट्टीपासून जास्तीत जास्त नव्वद यार्डांवर आखता येते. म्हणजे ट्रिपल मारणारा आपल्या मोठ्यात मोठ्या मैदानाच्या मध्यापासून दोरीपर्यंतचं अंतर एका दमात कापतो. क्रिकेटच्या दोन क्रीजमधलं अंतर ५८ फूट, म्हणजे आपल्या तीन धावा १७४ फुटांच्या. ट्रिपल त्याहून लांब पडतो, पण जात तीच.

आता विक्रमाकडे येतो. एका हंगामात सर्वांत जास्त ट्रिपल किती? छत्तीस. साल १९१२, संघ पिट्सबर्ग पायरेट्स, खेळाडूचं नाव जॉन ओवेन विल्सन. टेक्सासमधल्या ऑस्टिनचा हा माणूस, लोक त्याला ‘चीफ’ म्हणत. शंभर वर्षं उलटून गेली, तो आकडा आहे तिथंच आहे. सरांच्या पद्धतीनं त्याची सगळी कारकीर्द फळ्यावर मांडतो. १९०८ साली सात. मग बारा, तेरा, बारा. १९१२ ला छत्तीस. त्यानंतर चौदा, बारा, सहा, आणि १९१६ साली दोन. एकूण ११४. गणिताचा कोणताही शिक्षक ही रांग पाहून त्या छत्तीसाखाली रेघ ओढेल आणि म्हणेल, पुन्हा मोजून बघ. पण मोजणी बरोबर आहे.

मग त्या एका वर्षी झालं काय? या प्रश्नाचं जे उत्तर नेहमी दिलं जातं ते मैदानाचं आहे. पिट्सबर्गचं फोर्ब्स फील्ड १९०९ साली उघडलं. डावीकडच्या मध्यभागात कुंपण ४६२ फुटांपर्यंत मागं गेलेलं, म्हणजे १५४ यार्ड. आपली सीमारेषा नव्वदला संपते हे आत्ताच पाहिलं. एवढ्या पसाऱ्यात दोन क्षेत्ररक्षकांच्या मधून चेंडू निसटला की तो परत यायला युगं लागत. छत्तिसांपैकी चोवीस ट्रिपल विल्सननं याच मैदानावर मारले. इथं टीकाकार वही मिटतो आणि म्हणतो, विक्रम मैदानाचा आहे, माणसाचा नाही.

मला ते पटत नाही. फोर्ब्स फील्ड १९१० सालीही तेवढंच मोठं होतं, १९११ सालीही, १९१३ सालीही. तेच कुंपण, तोच माणूस, आणि आकडा तेरा, बारा, चौदा. शिवाय त्याच संघातले बाकीचे फलंदाज त्याच गवतावर पळत होते, त्यांच्यापैकी कुणाचे छत्तीस झाले नाहीत. आणि उरलेले बारा ट्रिपल परक्या मैदानांवरचे आहेत. एरवी विल्सनची घरच्या-बाहेरच्या मिळून वर्षभराची बेरीज साधारण तेवढीच असे. म्हणजे मैदानानं जागा दिली हे खरं, पण त्या जागेत त्या वर्षी कुणी तरी पळालं हेही तितकंच खरं. मैदान विक्रमाला वाव देतं. तो वाव घेणारे पाय माणसाचे असतात.

छत्तीसला २७० नं गुणा. ९,७२० फूट, म्हणजे तीन किलोमीटरला जरासं कमी. ते तीन किलोमीटर चेंडूशी शर्यत लावून पळालेले आहेत.

विल्सनच्या आधीचे दोन आकडे एकतीसचे. १८९४ साली बाल्टिमोरच्या हायनी राइट्झचा, आणि त्याआधी १८८६ साली न्यू यॉर्क मेट्रोपॉलिटन्सच्या डेव्ह ऑरचा. ऑर मला फार जवळचा वाटतो. ट्रिपल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सडपातळ, हरणासारखा माणूस येतो. ऑर अवाढव्य देहाचा होता. तो संघ त्या वर्षी स्टेटन बेटावर खेळत होता आणि समोरच्या बंदरात स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा उभा राहत होता. त्या धिप्पाड माणसानं एकतीस वेळा तिसरा बेस गाठला. चारच वर्षांनी, ऐन उमेदीत, त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि खेळ कायमचा थांबला. एकतीस हा आकडा वहीत राहिला, म्हणून आज पुण्यात मी त्याच्याबद्दल बोलू शकतो.

कारकिर्दीतले सर्वाधिक ट्रिपल ३०९, ते सॅम क्रॉफर्डचे. नेब्रास्कातल्या वाहू गावचा, आधी न्हाव्याचं काम करणारा हा माणूस सहा हंगामांत आपापल्या लीगमध्ये अव्वल होता, १९०२ पासून १९१५ पर्यंत. त्याच्या मागं २९५ ट्रिपलांसह टाय कॉब, डेट्रॉइटच्या संघातला त्याचाच सहकारी. दोघांचे संबंध इतके बिघडलेले होते की शेजारी शेजारी क्षेत्ररक्षण करताना बोलणंही जवळजवळ बंद. तरीही एकाच संघातले हे दोघं या यादीत पहिले दोन आहेत.

हे बहुतेक आकडे १९२० च्या आधीचे. तेव्हा एकच चेंडू मळून मऊ होईपर्यंत वापरत, आणि होम रन दुर्मीळ होता. १९०९ साली कॉबनं आपल्या लीगमध्ये सर्वाधिक होम रन केले, ते नऊ, आणि नऊही मैदानातल्या मैदानात पळून काढलेले. पुढे चेंडू बदलला, मैदानं आखूड झाली, कुंपणं पुढं आली, आणि प्रेक्षकांना चेंडू बाहेर गेलेला आवडू लागला. ट्रिपल आटला. १९४९ साली डेल मिचेलनं तेवीस मारले. त्या आकड्याला पुन्हा शिवायला २००७ साल आणि कर्टिस ग्रँडरसन यावा लागला. गेल्या पंचाहत्तर वर्षांत तेविसाच्या पुढे कुणी गेलेलं नाही.

आपल्याकडे हेच झालं आहे. दोरी आत आली, बॅटी जाड झाल्या, आणि तीन धावा पळणारी जोडी आता वीस-वीस षटकांच्या सामन्यात शोधावी लागते. सरांचं लाल पेन आज सुकून गेलं असतं.

आता पुण्याकडे वळतो.

डिसेंबर १९४८. पूना क्लबचं मैदान. रणजी करंडकात महाराष्ट्राची गाठ काठियावाडशी होती. काठियावाड २३८ धावांत आटोपलं. मग कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर खेळायला आले आणि तिसऱ्या दिवसाच्या उपाहारापर्यंत ते खेळतच होते. कमल भांडारकरांबरोबर दुसऱ्या गड्यासाठी त्यांनी ४५५ धावांची भागी केली, त्यात भांडारकरांच्या २०५. उपाहाराला महाराष्ट्र चार बाद ८२६ आणि निंबाळकर नाबाद ४४३. त्या वेळी प्रथम श्रेणीतला सर्वोच्च डाव होता डॉन ब्रॅडमन यांचा, १९३० साली न्यू साउथ वेल्सकडून क्वीन्सलंडविरुद्ध नाबाद ४५२. नऊ धावा मागं. काठियावाडचे कर्णधार होते राजकोटचे ठाकोरसाहेब. डाव घोषित करा, असा त्यांचा आग्रह होता. आणखी दोन षटकं द्या, मग करतो, असं महाराष्ट्राचे कर्णधार राजा गोखले यांचं म्हणणं. काठियावाडनं सामना सोडून दिला, सामान आवरलं आणि संघ स्टेशनाकडे निघाला.

ही गोष्ट पुण्यात सगळ्यांना पाठ आहे. ती सांगताना आपण नेहमी त्या नऊ धावांपाशी थांबतो आणि हळहळतो. मीही हळहळतो. प्रतिस्पर्ध्याचा विक्रम आपल्या नावावर नको म्हणून मैदान सोडून जाणं मला आजही पटत नाही. मार खाणाऱ्या गोलंदाजालाही पुढचा चेंडू टाकायचाच असतो, नाही तर खेळाला अर्थ राहत नाही. पण आज मला आणखी दोन षटकांत काय झालं असतं यावर वेळ घालवायचा नाही. जे झालं, त्याकडे आपण नीट पाहिलंच नाही असं माझं म्हणणं आहे.

निंबाळकरांच्या ४४३ मध्ये ४९ चौकार आणि एक षटकार होता. हिशेब करा. एकोणपन्नास चोक १९६, अधिक सहा, २०२. चारशे त्रेचाळीसांतून दोनशे दोन वजा केले की उरतात २४१. म्हणजे निम्म्याहून जास्त धावा या माणसानं पळून काढल्या आहेत. २४१ गुणिले ५८ फूट म्हणजे सव्वाचार किलोमीटर, आणि तेही फक्त स्वतःच्या धावांचे. दुसऱ्या टोकाच्या जोडीदाराच्या एकेरी-दुहेरींसाठी पळालेलं अंतर यात धरलेलंच नाही. पायांत पॅड, हातात बॅट, ४९४ मिनिटं, आणि त्यांची विकेट पडली नाही, धावबादही नाही.

आणखी एक जुळणी या हिशेबात सापडते. ब्रॅडमनच्या नाबाद ४५२ मध्येही चौकार ४९ च होते, षटकार एकही नाही. म्हणजे त्यांनी २५६ धावा पळून काढल्या. सिडनी आणि पुणं, मध्ये अठरा वर्षं आणि एक महासागर, आणि दोन्ही डावांच्या पोटात जवळजवळ तेवढंच पळणं. मला ४४३ आणि ४५२ यांच्यातल्या नऊपेक्षा ही एकोणपन्नासाची बरोबरी जास्त बोलकी वाटते.

या २४१ धावांत तिहेरी किती, दुहेरी किती, एकेरी किती, हे मात्र आपण कधी रकान्यात मांडलं नाही. अमेरिकेत १८८६ सालच्या डेव्ह ऑरच्या तिसऱ्या बेसवरच्या एकतीस फेऱ्यांची मोजदाद आहे. भारतीय फलंदाजाच्या आजवरच्या सर्वांत मोठ्या प्रथम श्रेणी डावातल्या तिनांची मोजदाद आपल्या कोणत्याही लोकप्रिय विक्रमकोशात मिळत नाही. रकानाच नसला की माणूस त्या बाजूनं बघतच नाही.

निंबाळकर कसोटी खेळले नाहीत. १९४९-५० मध्ये कॉमनवेल्थ संघाविरुद्ध एक अनधिकृत कसोटी तेवढी त्यांच्या वाट्याला आली. बडोदा, होळकर, महाराष्ट्र, राजस्थान, रेल्वे अशा संघांकडून ते खेळले, आणि ११ डिसेंबर २०१२ ला, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, कोल्हापुरात गेले. कसोटी न खेळलेल्या माणसाचा जगातला सर्वांत मोठा प्रथम श्रेणी डाव आजही त्यांचाच आहे. त्यांच्या वर फक्त लारा, हनीफ आणि ब्रॅडमन.

इथंही टीकाकार वही मिटतो. पुण्याची खेळपट्टी, म्हणतो. त्याच्या हातात पुरावा आहे. विजय हजाऱ्यांनी रणजीतलं पहिलं त्रिशतक, नाबाद ३१६, पुण्यातच काढलं, १९३९-४० मध्ये, महाराष्ट्राकडून, बडोद्याविरुद्ध. पुढच्याच हंगामात मुंबईनं ६५० केल्या आणि महाराष्ट्रानं ६७५, त्यात प्रा. दि. ब. देवधरांच्या २४६, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. आणि निंबाळकरांच्या डावानंतर तीनच महिन्यांत, मार्च १९४९ मध्ये, याच शहरात मुंबई आणि महाराष्ट्र यांचा आठवडाभर चाललेला उपांत्य सामना झाला. मुंबई ६५१ आणि आठ बाद ७१४. महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. एकूण २,३७६ धावा. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात इतक्या धावा जगात इतरत्र झालेल्या नाहीत. शतकं नऊ. माधव मंत्रींच्या २००, आणि दत्तू फडकर, उदय मर्चंट व मधुसूदन रेगे या तिघांची दोन्ही डावांत शतकं. चौथ्या डावात ६०४ करून महाराष्ट्र ३५४ धावांनी हरला. या वाक्याचे दोन्ही भाग एकाच सामन्याचे आहेत यावर पटकन विश्वास बसत नाही.

तेव्हा पुण्याची खेळपट्टी फलंदाजांची होती, यात वाद नाही. पण विल्सनबद्दल जे म्हणालो तेच इथं म्हणतो. ती खेळपट्टी काठियावाडलाही तीच मिळाली होती, आणि ते २३८ धावांत बाद झाले. डाव उभा करायला खेळपट्टी लागते, तो आठ तास उभा ठेवायला माणूस लागतो.

हंगामातल्या अव्वलांची यादी करायची झाली तर आपल्या बाजूला रुसी मोदींचं नाव पहिलं घ्यावं लागेल. १९४४-४५ च्या रणजी हंगामात मुंबईच्या मोदींनी पाच सामन्यांत १,००८ धावा केल्या. एका हंगामात हजाराची वेस ओलांडणारे ते पहिले. तो आकडा १९८८-८९ मध्ये तमिळनाडूच्या डब्ल्यू. व्ही. रामन यांनी १,०१८ धावांनी मागं टाकला. मध्ये चव्वेचाळीस वर्षं गेली. पुढे १९९९-२००० मध्ये हैदराबादच्या लक्ष्मणनं १,४१५ केल्या. सामने वाढत गेले तसे आकडेही वाढत गेले, त्यामुळे मोदींचे पाच सामने आणि लक्ष्मणचा लांबलचक हंगाम एका तराजूत घालता येत नाहीत. आपल्या पुण्याचा केदार जाधव २०१३-१४ च्या हंगामात १,२२३ धावा करून देशात अव्वल ठरला, सहा शतकांसह. त्याच्या आदल्या हंगामात त्यानं उत्तर प्रदेशविरुद्ध ३२७ काढल्या होत्या, गहुंज्याच्या नव्या मैदानावर. पूना क्लबपासून गहुंज्यापर्यंत त्रिशतकांनी शहराबाहेर एवढं अंतर कापलं, पण पुणं सोडलं नाही.

एक प्रसंग मी निंबाळकरांच्या शेजारी मुद्दाम ठेवतो. ऑक्टोबर २०१६, वानखेडे, महाराष्ट्र विरुद्ध दिल्ली. स्वप्निल गुगळे नाबाद ३५१, अंकित बावणे नाबाद २५८, तिसऱ्या गड्यासाठी अभंग ५९४. प्रथम श्रेणीतली सर्वांत मोठी भागी संगकारा-जयवर्धनेंची ६२४, म्हणजे तीस धावा पुढं. धावफलक दोन बाद ६३५ असताना डाव घोषित झाला, आणि घोषित करणारा कर्णधार स्वतः गुगळे होता. एका वेळी समोरचा संघ निघून गेला, दुसऱ्या वेळी आपल्याच कर्णधारानं थांबवलं. मला गुगळेचा निर्णय मान्य आहे. सामना जिंकायला गोलंदाजांना वेळ लागतो, आणि कर्णधाराचं पहिलं देणं सामना जिंकण्याला असतं.

आता मी अशा धावांकडे आणि अशा चेंडूंकडे वळतो, जे कुणी लिहिलेच नाहीत. आजच्या विषयाचं दुखरं टोक इथं आहे.

अमेरिकेत काळ्या खेळाडूंना १९४७ पर्यंत मोठ्या लीगमध्ये घेत नसत. त्यांच्या स्वतःच्या लीग होत्या. त्यात ऑस्कर चार्ल्सटनसारखे, जॉश गिब्सनसारखे थोर खेळाडू खेळले, पण त्यांचे आकडे मुख्य वहीत नव्हते. संशोधकांनी जुनी वर्तमानपत्रं चाळून एकेका सामन्याचा धावफलक जमवला, वर्षानुवर्षं जमवला, आणि २०२४ च्या मे महिन्यात मेजर लीग बेसबॉलनं १९२० ते १९४८ दरम्यानच्या त्या लीगचे आकडे आपल्या अधिकृत नोंदींत घेतले. गिब्सन गेल्याला तोवर सत्त्याहत्तर वर्षं झाली होती. त्या दिवशी कारकिर्दीतल्या फलंदाजीच्या सरासरीत पहिलं नाव त्याचं झालं.

पुण्यात असा माणूस होता. पाळवणकर बाळू. १८९२ च्या सुमारास हा चर्मकार समाजातला मुलगा युरोपियनांच्या पूना क्लबवर महिना चार रुपयांवर कामाला होता. खेळपट्टी लोटायची, जाळी बांधायची, आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करायची. इंग्रजांचा नामांकित फलंदाज कॅप्टन ग्रेग रोज लवकर येऊन त्याच्याकडून तासन्‌तास गोलंदाजी करून घ्यायचा. बाळूला फलंदाजी मात्र कधी करू दिली नाही. त्या हजारो चेंडूंवर ग्रेग किती वेळा बाद झाला, किती वेळा चुकला, त्याची एका ओळीचीही नोंद नाही. सराव कुणी लिहीत नाही, हे खरं. पण बाळूसाठी बरीच वर्षं सराव हेच मैदान होतं, कारण दुसरं मैदान त्याला बंद होतं. पुढे पुण्याच्या हिंदू संघात त्याला घ्यायचं की नाही यावर वाद झाला. घेतला तेव्हा मैदानात चेंडूला सगळ्यांचा हात लागायचा, आणि चहाच्या वेळी त्याला तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळायचा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यानं ११४ गडी बाद केले, सरासरी १८.८४. हे आकडे आपल्याला माहीत आहेत, कारण इंग्लंडात कुणी तरी टेबलाशी बसून लिहीत होतं. पुण्याच्या त्या पहाटे लिहिणारं कुणी नव्हतं.

विक्रमाला मैदान लागतं, माणूस लागतो, आणि तिसरी लागते वही. विल्सनचं फोर्ब्स फील्ड १९७१ साली पाडलं. तिथल्या भिंतीचा एक तुकडा विद्यापीठाच्या आवारात अजून उभा आहे, आणि होम प्लेट एका इमारतीच्या जमिनीत काचेखाली जपून ठेवली आहे. मैदान गेलं तरी छत्तीस राहिले, कारण ते कागदावर होते. आपल्या पुण्याला कागदाचं मोल कुणी शिकवायला नको. इतिहासकार राजवाड्यांनी गावोगाव हिंडून, वाड्यांच्या माळ्यांवर चढून दप्तरं जमवली, आणि १९१० साली इथं भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. न्यायनिवाडे, जमाखर्च, घोड्यांच्या दाण्याचे हिशेब, असल्या कागदांतून मराठ्यांचा इतिहास लिहिला गेला. सामन्याचा हिशेबही कागदच आहे. क्लब, जिमखाना, शाळा, कंपनी, कॉलेज, खो-खोचं मंडळ, कबड्डीचा संघ, सगळ्यांच्या वह्या कुठे तरी होत्या. त्यांत निंबाळकरांच्या काळच्या दुय्यम सामन्यांचे हिशेब असतील, आज आजोबा झालेल्या कुणाचं शाळेतलं पहिलं शतक असेल, आणि ज्याचं नाव कुठंच छापलं गेलं नाही अशा एखाद्या गोलंदाजाची पाच गडी बाद केलेली दुपार असेल.

सर गेल्यावर त्यांच्या वह्या घरच्यांनी माझ्याकडे दिल्या. चौऱ्याऐंशी वह्या आहेत. मी त्यांतल्या लाल वर्तुळांची मोजणी सुरू केली आहे. आतापर्यंत एकवीस वह्या झाल्या, आणि तीन धावा सर्वांत जास्त वेळा पळालेली जोडी कोणती हे मला आता सांगता येतं. ती जोडी शालेय संघाच्या पलीकडे कधी खेळली नाही. त्यांची नावं मी इथं जाहीर करत नाही, कारण आधी त्यांना शोधून, त्यांच्या घरी जाऊन, त्यांना ती पानं दाखवायची आहेत.

तुमच्याकडे, तुमच्या वडिलांच्या कपाटात, क्लबच्या अडगळीत, शाळेच्या पोटमाळ्यावर जुनी गुणलेखनाची वही असेल तर ती रद्दीत घालू नका. दिवाळीच्या साफसफाईत तिच्यावरची धूळ झटका आणि पहिलं पान उघडून बघा, तारीख आणि मैदान लिहिलेलं आहे का. नसेल तर आठवणाऱ्या माणसाला विचारून पेन्सिलीनं लिहा. मग मोबाइलवर प्रत्येक पानाचा फोटो घ्या, आणि मूळ वही सभागृहाच्या दाराशी बसलेल्या आपल्या संयोजकांकडे आणून द्या. आज आणली नसेल तर पुढच्या वर्षी याच दिवशी आणा. मी त्या टेबलाशी असेन.